खचलेल्या तरुण मनाला घराचा आधार

व्यापारी घरात पैशाचा विषय सहसा लपून राहत नाही. कोणाची उधारी थकली, कोणत्या मालाचा भाव उतरला, यंदा दिवाळीत उलाढाल किती झाली, याची चर्चा जेवणाच्या ताटावर होते आणि घरातील लहान मूलही ती ऐकत मोठे होते. मनाचा विषय मात्र अशा मोकळेपणाने निघत नाही. चोवीस वर्षांचा मुलगा महिनाभर नीट झोपलेला नाही, सी. ए.च्या परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आलेली मुलगी खोलीबाहेर यायला तयार नाही, नव्याने आलेली सून एकटी असताना रडते, हे घरातील सर्वांना दिसत असते. पण त्यावर बोलताना आवाज खाली येतो आणि पाहुणे आले की विषयच बदलला जातो.

या मौनाची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटात साधारणपणे दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. यांतील फार थोडी मुले डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. बाकीची घरातच असतात, त्याच छताखाली, त्याच पंगतीत. म्हणून त्यांना मिळणारा पहिला आधार घराचाच असतो. आपल्या घरांत माया कमी नाही. परंतु आजारी मनाजवळ कसे बसावे, काय बोलावे, कोणती मदत केव्हा आणावी, हे केवळ मायेने उमगत नाही. ते शिकावे लागते, आणि ते शिकता येते.

आळस, हट्ट की आजार?

मनाचा आजार सुरुवातीला स्वभावदोषासारखा दिसतो, हीच पहिली अडचण. पेढीवर वेळेवर न येणारा मुलगा आळशी ठरतो, चिडणारी मुलगी उद्धट ठरते आणि गप्प राहणारी सून मानी ठरते. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बदल. पूर्वी हे माणूस असे होते का? दुसरी म्हणजे कालावधी. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, एकाग्रता नसणे, स्वतःला निरुपयोगी मानणे अशी लक्षणे दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे टिकली, तर त्यांकडे नैराश्य म्हणून पाहावे आणि तज्ज्ञाला दाखवावे. तरुणांमध्ये हे नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने व्यक्त होते, हे वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

दुकानात याच्या खुणा लवकर दिसतात. बिलात चुका होऊ लागतात, जुन्या ग्राहकाचा फोन उचलला जात नाही, वसुलीला जाण्याची वेळ आली की पोट दुखू लागते, शटरचे कुलूप पुन्हापुन्हा तपासले जाते. याच्या उलट चित्रही असते. मुलगा दोन-तीन तासच झोपतो, तरी थकत नाही. बोलणे थांबत नाही, मोठमोठ्या योजना आखतो, कोणाला न विचारता अवाढव्य मालाची ऑर्डर देतो. घराला तो कर्तबगारीचा बहर वाटतो. प्रत्यक्षात तो उन्मादाचा झटका असू शकतो. कोणीतरी पाळतीवर आहे असा पक्का समज होणे किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, ही लक्षणे दिसली तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. अशा आजारात उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितके पूर्ववत होणे कठीण जाते.

अलीकडे आणखी एक कारण वाढले आहे, ते म्हणजे लपवलेला तोटा. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. मोबाइलवर हा व्यवहार करणाऱ्या तरुणाला पैसा गमावल्याइतकाच धाक असतो तो वडिलांना सांगण्याचा. ज्या घरात तोटा सांगता येतो, त्या घरातील मुलगा वाचण्याची शक्यता अधिक असते. ‘पैसा पुन्हा मिळवता येईल, तू आधी सगळे सांग,’ हे वाक्य वडिलांनी वेळ येण्यापूर्वीच, एखाद्या साध्या संध्याकाळी, म्हणून ठेवलेले असावे.

घराचा सूर

मानसिक आजारात कुटुंबाचे स्थान किती मोठे आहे, याचा शोध वैद्यकशास्त्राला तसा उशिराच लागला. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा मागोवा घेण्यास सुरुवात केली. त्यातून पुढे एक ठळक निष्कर्ष निघाला. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, त्याच्याविषयी राग धुमसत असतो किंवा काळजीपोटी त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नाही, त्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो. तिसरा मुद्दा लक्षणीय आहे. अति काळजी हीदेखील मनावर ओझे टाकते. पुढे चंदीगड येथे असाच अभ्यास झाला, तेव्हा भारतीय कुटुंबांत अशी टीका लंडनच्या मानाने कमी आढळली. एकत्र कुटुंबपद्धतीची ही खरी शिल्लक आहे. मात्र ती आपोआप टिकत नाही.

याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णांसोबत राहावयास बोलावले होते. रुग्ण घरी जाण्यापूर्वी घरानेच आजार समजून घ्यावा, हा त्यामागील विचार. आज तंबूंची गरज नाही. दिवाणखान्यातही हे शिक्षण होऊ शकते.

त्याचा पहिला पाठ ऐकण्याचा आहे. व्यापारी घरात प्रश्न आला की तोडगा काढण्याची सवय असते, म्हणून मुलाने दोन वाक्ये बोलताच काका, मामा, आत्या असे सर्व जण उपाय सुचवू लागतात. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘आम्ही तुझ्या वयात भाड्याच्या गाळ्यात दिवस काढले’ ही वाक्ये हितबुद्धीने म्हटलेली असतात. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एकच अर्थ लागतो, की आपले दुःख यांना मान्य नाही. त्याऐवजी म्हणावे, ‘तुला त्रास होतो आहे, हे मला दिसते.’ ‘हे कधीपासून वाटते?’ ‘आत्ता माझ्याकडून काय हवे? नुसते बसू, की काही करू?’ एवढे बोलून थांबावे. उत्तर लगेच येणार नाही. मुलाला समोर बसवून केलेल्या विचारपूसपेक्षा गाडीतून जाताना, गोदामात माल लावताना, भाजी निवडताना, नजरेला नजर न भिडवता झालेले बोलणे पुष्कळदा अधिक मोकळे होते.

दुसरा पाठ असा, की सर्वांनी बोलू नये. घरातील एका व्यक्तीने हे काम स्वीकारावे. ती आई असेलच असे नाही. काही घरांत मोठी भाभी, काही घरांत आजोबा किंवा चुलतभाऊ मुलाला अधिक जवळचा वाटतो. बाकीच्यांनी दिवसातून दहा वेळा ‘आता कसे वाटते?’ असे विचारणे टाळावे.

मन तयार होण्याची वाट न पाहता

नैराश्यात एक दुष्टचक्र असते. उत्साह नाही म्हणून माणूस काही करत नाही, आणि काही केले नाही म्हणून उत्साह आणखी उतरतो. ‘बरे वाटले की करीन’ या वाक्यात आठवडे जातात. त्यावरचा परिणामकारक उपाय उलट्या बाजूने सुरू होतो. मन तयार नसतानाही एक अगदी छोटी कृती ठरलेल्या वेळी करावी आणि मनाला मागून येऊ द्यावे.

या साध्या तत्त्वावर गोव्यात मोलाचे काम झाले आहे. ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साहाय्याने मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णाच्या घरी किंवा आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठका घेतल्या आणि त्याला दैनंदिन कामांकडे पायरीपायरीने परत आणले. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. मदत रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत नेली आणि ती रोजच्या जगण्याशी जोडली, तर तिचा उपयोग होतो, हे त्यातून दिसले.

घरात हे तत्त्व असे राबवता येते. सर्वप्रथम उठण्याची वेळ एक ठेवावी. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळी अंथरूण सोडावे, अर्धा तास उजेडात, गच्चीवर किंवा अंगणात काढावा. त्यानंतर दिवसाचे एकच काम ठरवावे, आणि ते इतके लहान असावे की नकार देणेच अवघड व्हावे. पहिल्या आठवड्यात सकाळचे वर्तमानपत्र खालून आणणे. दुसऱ्या आठवड्यात आजीला औषधाची गोळी देणे. तिसऱ्यात दुकानाच्या मागील खोलीत अर्धा तास बसून चार चलने तपासणे. गल्ल्यावर किंवा ग्राहकासमोर बसणे ही फार पुढची पायरी आहे. प्रत्येक कामापूर्वी व नंतर मनाला दहापैकी किती गुण, हे एका वहीत लिहावे. आकडे जमू लागले की मुलालाच दिसते, की काम करण्यापूर्वी मनाने वर्तवलेले भाकीत प्रत्यक्षापेक्षा काळे होते. एखादा दिवस चुकला तर पायरी लहान करावी. टोमणा मारू नये आणि मोठा कौतुकसोहळाही करू नये.

धास्तीच्या क्षणी

छाती धडधडते, घशाशी आवळल्यासारखे होते, हातपाय थरथरतात, आणि आता आपण मरणार असे वाटते. तीव्र भीतीचा हा झटका पहिल्यांदा आला असेल तर हृदयाची व इतर तपासणी अवश्य करून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही तर ‘काही झालेले नाही’ असे म्हणू नये, कारण झालेले असते. शरीराची धोक्याची घंटा धोका नसताना वाजलेली असते. असा झटका साधारणतः दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. त्या वेळी जवळच्याने शांत आवाजात सोबत करावी. चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांब ठेवणे महत्त्वाचे. श्वासावर लक्ष टिकत नसेल तर पाच दिसणाऱ्या वस्तू, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास आणि एक चव यांची नावे घ्यावीत. भविष्यात धावणारे मन त्यामुळे या खोलीत परत येते. ही कौशल्ये बरे वाटत असतानाच रोज पाच मिनिटे गिरवावीत.

भीतीला सर्वांत जास्त खतपाणी टाळण्याने मिळते. ग्राहकांशी बोलण्याची धास्ती असलेल्या मुलाला कायमचे आत बसवले, तर आज त्याला बरे वाटते आणि उद्या भीती दुप्पट होते. म्हणून येथेही पायऱ्या कराव्यात. आधी ओळखीच्या ग्राहकाला केवळ नमस्कार, मग एक वाक्य, मग एक व्यवहार. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबावे. मंत्रचळाच्या विकारात, म्हणजे वारंवार हात धुणे, कुलूप तपासणे, ‘माझ्याकडून काही दोष तर लागला नाही ना?’ असे शंभरदा विचारणे यांत, घर एक चूक करते. प्रत्येक वेळी धीर देते. तो धीर पाच मिनिटे टिकतो आणि प्रश्न पुन्हा येतो. या विकारावर विशिष्ट उपचार आहेत. धीर देणे हळूहळू कसे कमी करावे, हे तज्ज्ञाकडून घरातील सर्वांनी शिकून घ्यावे.

विचारांच्या बाबतीत एक वही पुरते. एका बाजूला घटना, दुसऱ्या बाजूला तिचा लावलेला अर्थ. ‘परीक्षेत नापास झालो’ ही घटना. ‘मी घराण्याला कलंक आहे’ हा अर्थ. घटना बदलता येत नाही, पण अर्थ तपासता येतो. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा हाच गाभा आहे. ही पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेने मनोविकास व मानसिक आरोग्याच्या कामात तिचा मोठा उपयोग केला.

व्रत, पथ्य आणि औषध

काही आजारांत बोलणे व सवयी पुरेशा ठरत नाहीत, औषध लागते. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून एकाएकी बंदही करू नयेत. पंचवीस वर्षांखालील रुग्णांत औषधाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा जिवाविषयीचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घराने लक्ष ठेवावे व तसे दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

जैन घरांसाठी येथे काही गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. चौविहार पाळणाऱ्याने ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी देता येईल का, हे ठरवणे बहुधा शक्य असते. न सांगता गोळी चुकवणे मात्र घातक ठरते. काही औषधे अन्नासोबत घेतली तरच नीट शोषली जातात. लिथियम घेणाऱ्या रुग्णाने पाणी वर्ज्य करून उपवास केला तर रक्तातील औषधाचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत वाढू शकते. पर्युषणात अठाई किंवा दशलक्षणात दहा उपवास करण्याची इच्छा असेल, तर आधी डॉक्टरांशी आणि मग साधु-साध्वीजींशी बोलावे. पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, ठेवण्याची परंपरा आहेच. उन्मादाचा आजार असलेल्यांनी रात्रजागरण टाळावे, कारण झोपमोडीने तो उसळतो. एखाद्या मुलीचे उपवास अचानक वाढले, वजन झपाट्याने उतरले, पारण्याच्या दिवशीही ती अन्नाला घाबरू लागली, तर ते तप आहे की आहाराचा विकार, हे तपासून घ्यावे.

आणखी एक साधी तपासणी कोणत्याही उपचाराच्या आरंभी करावी. ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिजन्य अन्नातच असते. शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते आणि पुष्कळदा अपुरे पडते. त्याच्या कमतरतेने थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या आणि मनाची मरगळ येते. थायरॉइडच्या बिघाडातही अशीच लक्षणे दिसतात. रक्ताच्या तपासणीत हे कळते.

थेट विचारावे

‘आत्महत्येचा विषय काढला तर मुलाच्या डोक्यात तो विचार यायचा,’ ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती निराधार आहे. थेट विचारल्याने असा विचार रुजत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे हलके होते. ‘मी ओझे झालो आहे’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे संदेश पाठवणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी विलक्षण शांत होणे, या खुणा दिसल्यास जवळच्या व्यक्तीने दार लावून, शांतपणे विचारावे, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ उत्तर ‘हो’ असेल तर रागावू नये, रडू नये, शपथ घालू नये. सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानावेत, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञाशी संपर्क साधावा.

अमेरिकेतील बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी अशा वेळेसाठी एक लिखित सुरक्षा-आराखडा विकसित केला. तो मन शांत असताना, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, शक्यतो तज्ज्ञाच्या मदतीने लिहावा. त्याच्या सहा पायऱ्या अशा :

१. मन बिघडू लागल्याची माझी ओळखीची लक्षणे कोणती?
२. अशा वेळी मी एकटा काय करू शकतो? चालणे, अंघोळ, श्वसन, गाणी.
३. लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी मी कोणाकडे किंवा कोठे जाऊ शकतो?
४. ज्यांना खरे सांगता येईल, अशी माणसे कोणती? त्यांचे फोन क्रमांक.
५. डॉक्टर, समुपदेशक आणि मदतवाहिनी यांचे क्रमांक.
६. घर सुरक्षित कसे करायचे?

सहावी पायरी घराची आहे. औषधांचा साठा, दुकानातील किंवा गोदामातील कीटकनाशके व अन्य घातक वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि किल्ली जबाबदार व्यक्तीकडे असावी. जिवावर उठण्याची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे, यानेही जीव वाचतो.

मदत दाराशी आणताना

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठी, हिंदी, गुजराती यांसह अनेक भाषांत तिच्यावर बोलता येते, आणि रुग्णाऐवजी घरातील व्यक्तीनेही फोन करण्यास हरकत नाही. मुलगा डॉक्टरांकडे येण्यास तयार नसेल तेव्हा निदान कुटुंबाने तरी सल्ला घेणे, ही पहिली पायरी ठरते. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनंतर दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे डॉक्टरी सल्ला घेणेही रूढ झाले आहे. लहान गावांतील कुटुंबांना त्याचा मोठा आधार आहे.

घरी कोणाला बोलवायचे, हे नीट पारखावे. औषध मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच लिहून देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच नसावा. तीव्र आजारातही घरपोच मदतीचा उपयोग होतो. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथे झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरोघरी जात. केवळ रुग्णालयातील उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणे व परावलंबित्व वर्षभरानंतर कमी होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतील फरक माफक होता. घरची मदत डॉक्टरांच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नसावी, असाच त्याचा अर्थ. अनेक रात्री झोप नसणे, अन्नपाणी सोडणे, हिंसक होणे, भ्रम वाढणे अशा अवस्थेत रुग्णालयाला पर्याय नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही विमा उपलब्ध करण्याचे बंधन विमा कंपन्यांवर आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा मानतो आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही.

पत, लग्न आणि लपवाछपवी

तरीही अनेक घरे थांबतात, ती एका शब्दापाशी : पत. मोठ्या मुलाचा आजार कळला तर धाकट्या मुलीचे लग्न कसे जमणार, बाजारात काय बोलले जाईल, ही चिंता खोटी नाही. समाजाने ती निर्माण केली आहे आणि समाजच ती दूर करू शकतो. परंतु तिच्यापोटी दूरच्या शहरात गुपचूप औषध घेणे, मध्येच सोडणे, आणि शेवटी ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल’ असे म्हणून बायोडाटा काढणे, यात दोन घरांचे नुकसान होते. लग्न हा ताणाचा मोठा प्रसंग आहे. तो उपचार होऊ शकत नाही. शिवाय जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल तर विवाह रद्द होऊ शकतो. आजार आटोक्यात असलेल्या, नियमित औषध घेणाऱ्या तरुणाचा संसार उत्तम होऊ शकतो; मात्र समोरच्या घराला तो आधी, स्पष्ट शब्दांत सांगितलेला असावा.

समाजातील पुढारी, महिला मंडळे, युवक मंडळे यांना येथे प्रत्यक्ष काम आहे. रक्तदान व नेत्रतपासणी शिबिरांच्या बरोबरीने वर्षातून एक दिवस मनाच्या आरोग्यासाठी ठेवता येईल. सी. ए. व स्पर्धा परीक्षांच्या निकालानंतर यशस्वी विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, तसा अपयश आलेल्यांना एक फोन जावा, आणि तो सहानुभूतीचा असावा, चौकशीचा नसावा.

सांभाळणाऱ्यांचे मन

या सर्व धावपळीत एक व्यक्ती नजरेआड होते : सांभाळणारी. बहुतेकदा ती आई असते, कधी पत्नी, कधी वहिनी. रात्री जागणे तिचे, गोळ्यांचे वेळापत्रक तिचे आणि ‘तुझ्या लाडाने बिघडला’ हे ऐकणेही तिचेच. तिला आठवड्यातून एक दुपार या कामातून पूर्ण मोकळीक मिळेल, अशी व्यवस्था घराने करावी. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी स्वमदत गट चालवले आहेत. आपल्यासारखीच दुसरी आई समोर बसलेली पाहणे, हा धीर इतर कोठे मिळत नाही.

बरे होण्याची वाट सरळ नसते. तीन चांगल्या आठवड्यांनंतर एक वाईट आठवडा येतो आणि घर खचते. आलेख वरखाली होतच वर जातो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नसावी. मुलगा पेढीवर परतेल तेव्हा प्रथम दोन तास, मग अर्धा दिवस, अशी वेळ वाढवावी. त्याच्याकडे खऱ्या उपयोगाचे, पण मुदतीचा धाक नसलेले काम द्यावे. नोकरमाणसांसमोर त्याच्या आजाराचा उल्लेख नसावा आणि सही करण्याचा त्याचा अधिकार आवश्यकतेपेक्षा एक दिवसही जास्त काढून घेतलेला नसावा. आपल्यावर अजून विश्वास आहे, हे त्याला असल्या लहान गोष्टींतूनच कळते, आणि त्या विश्वासाच्या बळावर तो पुढची गोळी घेतो, पुढच्या बैठकीला जातो, आणि वाईट रात्र आली तर कोणाला तरी उठवतो.